कोपरावरचा फोड आणि गव्हाचा दाणा

धनत्रयोदशीला वैद्यमंडळी धन्वंतरीचे पूजन करतात आणि कडुनिंबाच्या पानांचा साखर घातलेला प्रसाद वाटतात. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान होते आणि अंगाचा उटण्याचा वास जायच्या आत फराळाची ताटे मांडली जातात. आधी वैद्य, मग त्वचा, मग पोट, असा हा आपल्या सणाचा क्रम आहे. वैद्यकाच्या इतिहासातही या तिघांची गाठ पडल्याची एक कथा आहे. फक्त तिथे ती गाठ पडायला चांगली ब्याऐंशी वर्षे लागली. तीच कथा या सणाच्या निमित्ताने सांगावयाची आहे. तिच्यात एक विलक्षण खाज आहे, एक महायुद्ध आहे, कुष्ठरोगावरची एक गोळी आहे, आणि रोज आपल्या ताटात पडणारा गव्हाचा साधा दाणा आहे.

ज्या रोगाची ही कथा, त्याचे नाव जिभेला जरा जडच आहे : डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. दोन्ही कोपरे, दोन्ही गुडघे, बैठकीची जागा, मानेवरची केसांची कड, अशा ठरावीक ठिकाणी बारीक बारीक फोडांचे पुंजके उठतात, आणि तेही बहुधा डाव्या-उजव्या अंगाला सारखेच. नागिणीच्या फोडांसारखे पुंजके म्हणून हे नाव पडले, एरवी नागिणीशी या रोगाचा काडीचाही संबंध नाही. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. अस्वच्छतेने होत नाही. पण खाज अशी, की रोगी रात्र रात्र डोळा लावू शकत नाही. फोड उठण्याच्या आधीच त्या जागेची आग होऊ लागते, आणि फोड उठला की तो नखाखाली केव्हा फुटतो हे रोग्यालाही कळत नाही.

या शेवटच्या गोष्टीतच अर्धा घोटाळा आहे. रोगी डॉक्टरांपुढे येऊन बसतो तेव्हा दाखवायला त्याच्याजवळ फोड नसतोच. असतात ते ओरखडे, खपल्या आणि काळे पडलेले डाग. ते पाहून कोणी खरूज म्हणतो, कोणी इसब म्हणतो, कोणी मलम लिहून देतो. घरात त्याचा टॉवेल वेगळा ठेवला जातो. वर्षे जातात, मलमांच्या नळ्या संपतात, आणि शेवटी कोणीतरी समजुतीने सांगतो, ‘अहो, हे सगळे मनाचे आहे.’ ज्याच्या अंगाची आग होत असते त्याला हे वाक्य किती झोंबत असेल!

फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास वाचणाऱ्यांना मारा आठवत असेल. अंगाची आग शमविण्यासाठी हा जहाल पुढारी तासन्‌तास पाण्याच्या टबात बसून लिहीत असे, आणि १३ जुलै १७९३ रोजी शार्लोट कोर्देने त्याला त्या टबातच भोसकले. त्याचा त्वचारोग हाच असावा असा तर्क अलीकडच्या काळातील काही डॉक्टरांनी लढविला आहे. तो तर्कच आहे, सिद्ध काही झालेले नाही. तरी अशा खाजेने माणसाच्या आयुष्याचा सारा दिनक्रम कसा बदलून जातो, याचे ते एक चित्र आहे.

या रोगाला स्वतंत्र ओळख मिळाली ती अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरी. लुई डुहरिंग हे तेथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्वचारोगांचे प्राध्यापक होते. त्या काळी व्हिएन्ना ही त्वचारोगशास्त्राची काशी समजली जाई. डुहरिंग यांनी तरुणपणी तिथे जाऊन अध्ययन केले होते. त्यांच्या आधी हे फोड निरनिराळ्या नावांच्या खणांत विखुरलेले होते. कोणी एका रोगात धरले होते, कोणी दुसऱ्या. १८८४ मध्ये डुहरिंग यांनी ते सारे एकत्र केले, हा एकच रोग आहे असे मांडले आणि त्याला नाव दिले. त्याच दशकात पॅरिसच्या लुई ब्रोक यांनीही त्याचा अभ्यास केला, म्हणून जुन्या ग्रंथांत तो डुहरिंग-ब्रोक यांचा रोग म्हणून ओळखला जातो.

डुहरिंग यांची नजर तीक्ष्ण होती, आणि त्यांनी केलेले वर्णन आजही वाचनीय आहे. पण ती नजर त्वचेवर खिळलेली होती. रोगी काय खातो, त्याचे पोट कसे आहे, हे विचारण्याचे त्यांना कारणच नव्हते. कोपर त्वचेच्या डॉक्टरचा, पोट पोटाच्या डॉक्टरचा, अशी वाटणी त्या सुमारास नुकतीच होऊ लागली होती.

आता दुसरा धागा हाती घेऊ. तो पोटाचा आहे, आणि पहिल्याहून कितीतरी जुना आहे. कॅपाडोशियाच्या ॲरिटियस या ग्रीक वैद्याने, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, अन्न न पचता बाहेर पडणाऱ्या, सुकत जाणाऱ्या रोग्यांचे वर्णन करून ठेवले होते. पोटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून पुढे या विकाराला ‘सीलिॲक’ हे नाव मिळाले. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये अशा मुलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे, शौचास मोठे, फिकट आणि दुर्गंधीचे. अशी मुले बरी व्हायचीच असतील तर ती आहारानेच होतील, हे गी यांनी तेव्हाच ओळखले होते. मात्र कोणत्या आहाराने, हे त्यांना सापडले नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास अशा मुलांना केळी खाऊ घालू लागले, आणि मुले सुधारू लागली. श्रेय केळ्याला मिळाले. केळ्यामुळे पानातून पाव बाहेर गेला होता, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

ते ध्यानी आले हॉलंडमध्ये. हेग शहरातील मुलांच्या इस्पितळात विलेम कारेल डिक नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या निकटवर्तीयांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. १९३६ च्या सुमारास एका तरुण आईने डिक यांना सांगितले, की पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचे पुरळ झपाट्याने कमी होते. मूल सीलिॲकचे होते. एरवी अशी गोष्ट ऐकून डॉक्टर मान डोलावतात आणि पुढच्या रोग्याला बोलावतात. डिक यांनी ती मनात ठेवली आणि मुलांच्या आहारातून गहू काढून पाहू लागले. पोट आणि पाव यांची सांगड त्यांनी घातली. त्या आईने सांगितलेले पुरळ मात्र कोणाच्या खिजगणतीत राहिले नाही.

मग युद्ध आले. १९४४-४५ चा हिवाळा हॉलंडच्या इतिहासात ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून नोंदला गेला आहे. जर्मन कब्जातील पश्चिमेकडच्या शहरांत धान्य पोचेना, पाव मिळेना. लोकांनी शर्करा-बीट खाल्ले, ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसे मेली. आणि त्या उपासमारीत सीलिॲकची मुले मात्र पूर्वीपेक्षा बरी दिसू लागली! युद्ध संपून पाव परत आला, तशी ती पुन्हा खालावली. डिक यांचा संशय आता खात्रीत बदलला. १९५० मध्ये उत्रेख्त येथे त्यांनी यावर प्रबंध लिहिला, आणि वेयर्स व व्हान डी कामर या सहकाऱ्यांबरोबर मोजमाप करून दाखविले, की अपाय गव्हातील पिठूळ भागाने होत नाही, तर त्याच्या चिकट भागाने होतो. त्या चिकट भागाचे नाव ग्लुटेन.

आमच्या गृहिणींना हे ग्लुटेन नावाने नसले तरी कामाने पुरते ठाऊक आहे. पुरणपोळीची कणीक तेल लावून तिंबतात ती कशासाठी? ती लवचीक व्हावी, पुरण पोटात घेऊन ताणली तरी फाटू नये म्हणून. तो ताण ग्लुटेनचा. भाकरीच्या पिठात ते नाही, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. आणि उन्हाळ्यात कुरडया करताना गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून आपण चीक काढतो आणि चोथा बाजूला टाकतो, तेव्हा आपण जवळजवळ तोच प्रयोग करीत असतो, जो इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी यांनी अठराव्या शतकात कणीक पाण्याखाली धुऊन केला होता. पाण्याबरोबर जातो तो पिठूळ भाग, मागे राहतो तो रबरासारखा चिकट गोळा. (घरगुती चिकात ग्लुटेन थोडेफार उरतेच. तेव्हा या विकाराच्या माणसाने कुरडई निर्धोक समजू नये.)

गव्हाने आतड्यात नेमके काय होते, हेही लवकरच दिसले. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, त्यांच्याकरवी अन्नरस शोषला जातो. १९५४ मध्ये इंग्लंडमधील पॉली यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी सीलिॲकच्या रोग्याच्या आतड्याचा तुकडा घेऊन पाहिला, तर ही लव झडून अस्तर सपाट झालेले. पुढे १९५६-५७ मध्ये मार्गो शायनर यांनी नळीच्या साह्याने, आणि अमेरिकेतील क्रॉसबी यांनी गिळता येणाऱ्या एका लहानशा डबीच्या साह्याने, पोट न फाडता असा तुकडा काढण्याची सोय केली. आता आतड्यात डोकावणे शक्य झाले. फक्त कोणाच्या आतड्यात डोकवायचे, हे ठरवायचे होते. कोपरावर फोड आलेल्या माणसाच्या आतड्यात डोकवावे, असे अद्याप कोणाच्या मनात येत नव्हते.

तसे मनात येऊ नये याची व्यवस्था मधल्या काळात एका गुणी औषधाने करून ठेवली होती. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या कॉस्टेलो यांना दिसले, की न्यूमोनियावर दिले जाणारे सल्फापिरिडीन या फोडांवर चालते. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५० च्या सुमारास, त्याहूनही सरस गोळी हाती आली : डॅप्सोन. हे रसायन जर्मनीत १९०८ सालीच तयार झालेले होते, पण त्याला खरे कार्य मिळाले ते कुष्ठरोगात. महाराष्ट्राच्या वाचकाला या गोळीची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये सुरू केलेले कुष्ठधाम, वरोड्याचे बाबा आमट्यांचे आनंदवन, आणि १९५१ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनतर्फे डॉ. वारदेकरांनी खेडोपाडी चालविलेले कार्य, या साऱ्यांच्या इतिहासात ही लहानशी पांढरी गोळी आहे. घरोघर जाऊन रोगी शोधावा, लोकांना समजावून सांगावे आणि गोळी त्याच्या दाराशी न्यावी, ही वारदेकरांची पद्धत पुढे देशभर मानली गेली.

तीच गोळी डुहरिंगच्या रोग्याने घेतली, की एकदोन दिवसांत खाज थांबे. वर्षानुवर्षे न झोपलेला माणूस झोपू लागे. परिणाम इतका खात्रीचा, की गोळीने खाज थांबली तर रोग हाच, असे निदानही त्यावरूनच होऊ लागले. पण या सुखाची एक किंमत होती. गोळी बंद केली की फोड पुन्हा हजर. डॅप्सोन त्वचेवरची आग विझवीत असे, पण ती आग कोठून येते हे विचारण्याची निकडही त्याबरोबर विझून जाई. रोगी समाधानी, डॉक्टर समाधानी, आणि आतल्या आतड्याची लव झडतेच आहे, असे कित्येक वर्षे चालले.

१९६६ मध्ये ही शांतता मोडली. इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल शहरात जॅनेट मार्क्स, सॅम शुस्टर आणि वॉटसन हे तिघे काम करीत होते. मार्क्स आणि शुस्टर त्वचारोगाचे डॉक्टर, पण त्यांना एक वेगळीच शंका पडली होती : त्वचेच्या मोठ्या विकारांत आतडेही बिघडते काय? त्या शंकेपायी त्यांनी डुहरिंगच्या रोग्यांच्या लहान आतड्याचे तुकडे काढून तपासले. बहुतेकांच्या आतड्याची लव झडलेली निघाली, अगदी सीलिॲकच्या मुलांसारखी. आणि गंमत अशी, की यातल्या फार थोड्यांची पोटाबद्दल काही तक्रार होती. ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले आणि फिलाडेल्फियाचा धागा हेगच्या धाग्याला पहिल्यांदा येऊन मिळाला. डिक हे पाहायला उरले नव्हते. १९६२ मध्येच ते निवर्तले होते.

आता प्रश्न असा उभा राहिला : आतडे बिघडले हे खरे, पण गहू बंद केल्याने फोड जातील काय? लंडनचे लायनेल फ्राय यांनी हे काम हाती घेतले. रोग्यांना त्यांनी ग्लुटेनविरहित आहारावर ठेवले. आतडे सुधारले, पण त्वचा लवकर दाद देईना. काही डॉक्टरांनी तर गव्हाचा आणि फोडांचा संबंधच अमान्य केला. फ्राय यांनी चिकाटी सोडली नाही. महिन्यांची गोष्ट त्यांनी वर्षांवर नेली, आणि १९७३ मध्ये त्यांना सांगता आले, की पथ्य दीर्घकाळ आणि काटेकोर पाळले तर फोड जातात, डॅप्सोनची गोळी कमी करता येते आणि पुढे सोडताही येते. हा धडा अजूनही तितकाच खरा आहे. आतडे काही महिन्यांत ओळख देते. त्वचा मात्र कित्येकदा वर्ष-दोन वर्षे रुसून बसते.

याच सुमारास हॉलंडमध्येच आणखी एक शोध लागला, आणि तो निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला. १९६९ मध्ये व्हान डर मीर यांनी दाखविले, की या रोग्यांच्या त्वचेत, वरच्या थराच्या अगदी खाली, ‘आयजीए’ जातीची प्रतिद्रव्ये रव्याच्या कणांसारखी साठलेली असतात. हे कण फोडाच्या आत पाहू गेले तर सापडतातच असे नाही, कारण तिथे सारी मोडतोड झालेली असते. ते सापडतात फोडाच्या शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेत! पुढे १९९७ मध्ये सीलिॲक विकारात शरीर आपल्याच कोणत्या द्रव्यावर उलटते ते जर्मनीत उमगले, आणि २००२ मध्ये त्वचेतील त्याचे भावंड सापडले. आतड्यातील द्रव्य आणि त्वचेतील द्रव्य एकाच घराण्यातली. गव्हाच्या निमित्ताने घरातल्या एकाशी भांडण सुरू होते आणि ते दुसऱ्यापर्यंत जाऊन पोचते, असे फार तर म्हणता येईल.

हा सारा इतिहास सणाच्या अंकात सांगण्याचे कारण आता येते. आपल्याकडे घरच्या डॉक्टरांनी ‘तज्ज्ञांना दाखवा’ म्हणून चिठ्ठी लिहून दिली, की घरात दोन प्रकारची कुजबुज सुरू होते. एक म्हणते, ‘काहीतरी मोठे दिसतेय.’ दुसरी म्हणते, ‘यांना काही कळलेच नाही, हात टेकले.’ पुष्कळदा मग ती चिठ्ठी पाकिटातच राहते आणि शेजारणीने सांगितलेले मलम सुरू होते. या रोगापुरते तरी दोन्ही समज चुकीचे आहेत. रोग जिवावरचा नाही. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हात टेकलेले नसून, खपलीमागचा फोड ओळखण्याचे सर्वांत अवघड काम त्यांनीच केलेले असते.

पुढची कामे मात्र त्यांच्या दवाखान्यात होण्यासारखी नसतात. त्वचेचा तुकडा काढायचा तो नेमका फोडाशेजारून, आणि तो नेहमीच्या फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला तर ते आयजीएचे कण पाहण्यासाठी त्याचा उपयोग राहत नाही. त्याला वेगळे द्रावण आणि वेगळी तपासणी लागते. हे त्वचारोगतज्ज्ञाचे काम. रक्तातील प्रतिद्रव्ये, आतड्याची अवस्था, रक्तक्षय आहे का, हाडे ठिसूळ होत आहेत का, हे पाहणे पोटाच्या तज्ज्ञाचे. डॅप्सोन सुरू करण्यापूर्वी रक्तातील जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची तपासणी करावी लागते. ते ज्यांच्यात जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात, आणि अशी माणसे आपल्या देशातही आहेत. शिवाय आहारतज्ज्ञ हवा, कारण गहू सोडणे ही एका दिवसाची शपथ नसून जन्माचे पथ्य आहे. सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते, कारण हा विकार घराण्यात उतरू शकतो. आणि पथ्याचा लाभ खाज थांबण्यापुरता नाही. आतड्यातील एका प्रकारच्या कर्करोगाचा जो थोडासा वाढीव धोका या रोग्यांना असतो, तोही दीर्घकाळच्या काटेकोर पथ्याने ओसरतो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयाची आहे. असे काही वाचून एखादा उत्साही गृहस्थ उद्यापासूनच पोळी बंद करील. तसे करू नये! तपासण्या पूर्ण होईपर्यंत नेहमीचाच आहार चालू ठेवला पाहिजे. गहू आधीच सोडला तर रक्तातील प्रतिद्रव्ये ओसरतात, आतड्याची लव पुन्हा येऊ लागते, आणि तपासणीत काहीच सापडत नाही. मग माणूस धड रोगी ठरत नाही, धड निरोगी ठरत नाही, आणि जन्मभराचे पथ्य नुसत्या अंदाजावर पाळणे कोणाला जमते?

आपल्या देशाचे या कथेतील स्थान थोडे निराळे आहे. न्यूकॅसलचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच १९६६ साली वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील मुलांमधील सीलिॲक विकाराविषयी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले. तोवर हा विलायती रोग, आपल्याकडे नाही, अशी समजूत होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेकडे शेकडा १.२३ लोकांत हा विकार आढळला, तर दक्षिणेकडे शेकडा ०.१० इतक्यांतच. या विकाराची आनुवंशिक तयारी दोन्हीकडे साधारण सारखी होती. ताटातला गहू मात्र सारखा नव्हता. फोडांचा रोग त्याहूनही कितीतरी विरळा आहे. फिनलंडसारख्या देशात तो सर्वांत जास्त दिसतो, भारतात क्वचित. पण विरळा आहे म्हणूनच तो डॉक्टरांच्या डोळ्यांना सरावाचा नाही, आणि खरजेच्या गर्दीत हरवून जाण्याचे भय अधिक.

महाराष्ट्राचे ताट या उत्तर-दक्षिणेच्या मध्ये आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हे आमचे जुने सोबती, आणि या माणसाला ते चारही चालतात. जन्मभर पोळी सोडायची म्हणजे पंजाबी घरात केवढा अनर्थ! आमच्या घरात फार तर आजीच्या काळाकडे चार पावले मागे जावे लागते. उपासाचे दिवस तर अशा माणसाला सणाचेच, कारण वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांत गहू नाही. दिवाळीच्या ताटातही पोह्यांचा चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू आणि तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली त्याची आहे. शंकरपाळे, चिरोटे, मैद्याची करंजी आणि रव्याचा लाडू तेवढा त्याचा नाही. सातू म्हणजे जवही त्याला वर्ज्य.

खरी दक्षता लागते ती न दिसणाऱ्या गव्हासाठी. बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि ते हिंग चिवड्याच्या फोडणीतून अलगद आत येते. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तर पहिल्या पायलीत गहू उतरतोच. ज्या तेलात शंकरपाळे तळले त्यातच चकली सोडली, तर चकलीची भाजणी शुद्ध असून उपयोग नाही. ‘एवढ्याशाने काय होते,’ असे म्हणून आग्रहाने वाढणारा हात प्रेमाचाच असतो, पण त्या एवढ्याशाने कोपरावर पुन्हा पुंजका उठू शकतो. तेव्हा फराळाला येणारा एखादा पाहुणा शंकरपाळ्याला नको म्हणाला, तर त्याचे नखरे समजू नयेत. चकली वेगळ्या तेलात तळून त्याच्यापुढे ठेवावी.

या रोगाला नाव देणारा माणूस फिलाडेल्फियाचा, धान्य हुडकणारा हेगचा, आणि दोहोंची भेट घडवून आणणारे न्यूकॅसलचे. यातल्या कोणत्याही एकाच्या दवाखान्यात हा रोग पुरता उलगडला नसता. शरीराची वाटणी डॉक्टरांनी आपल्या सोयीसाठी केलेली आहे, रोगाने ती कधी मान्य केलेली नाही. म्हणून एका डॉक्टरांनी दुसऱ्याला लिहिलेल्या चार ओळींच्या चिठ्ठीला मान द्यावा. ब्याऐंशी वर्षे कोणी कोणाला जे विचारले नाही, ते त्या चार ओळींत विचारलेले असते. कित्येक वर्षे कोपर खाजवीत कूस बदलणारा कोणी आपल्या घरात असेल, तर पाडव्यानंतर दवाखाने उघडले, की त्याला ती चिठ्ठी मागायला अवश्य पाठवावे.